पिंजऱ्यातले पाणी

पिंजऱ्याचा इतिहास लिहायला बसले की हात आपोआप पाखराच्या रंगाकडे, त्याच्या गाण्याकडे, फार तर पिंजऱ्याच्या नक्षीकडे वळतो. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात टांगलेल्या पाण्याच्या वाटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक पाखराचे आयुष्य त्या वाटीला बांधलेले असते. रानातल्या पाखराला एक डबके नासले तर दुसरे शोधता येते, ओढा आटला तर पानांवरचे दव टिपता येते. पिंजऱ्यात आले की ही मुभा संपली. तेथे पाणी कोणते प्यावे हे पाखरू ठरवत नाही, आपण ठरवतो. हा निर्णय माणसाने वेगवेगळ्या काळांत कसा घेतला, कशासाठी घेतला आणि त्यात तो कोठे फसला, याची हकिगत मोठी शिकवण देणारी आहे.

आपल्या देशात पाखरे पाळण्याची हौस फार जुनी. वात्स्यायनाने कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत राघूमैनांना बोलायला शिकवणे ही एक कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. मराठी वाचकाला हे नाव परके नाही, कारण जुन्या मराठीचे नमुने शोधणारे अभ्यासक या ग्रंथापाशी हटकून थांबतात. त्यात कोंबड्यांच्या झुंजींचे, लाव्यांचे आणि पारव्यांच्या करमणुकीचे स्वतंत्र अध्याय आहेत आणि राजाने कोणत्या ऋतूत कोठले पाणी प्यावे याचाही विचार आहे. पुढे अकबराच्या दरबारात कबुतरांचा शोक इतका वाढला की त्याला ‘इश्कबाजी’ हेच नाव पडले. अबुल फजल ऐन-इ-अकबरीत सांगतो की दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे बादशहाची खास होती. शंभर कबुतरांमागे रोज चार शेर दाणा हा हिशेबही त्याने टिपून ठेवला आहे.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांची कसोटी मुख्यतः डोळ्यांची होती. गढूळ पाणी वाईट, नितळ पाणी चांगले. सुश्रुताने पाणी निवळण्याचे जे उपाय दिले त्यांत निवळीचे बी आहे. आपल्याकडे खेडोपाडी पावसाळ्यात रांजणाच्या आतल्या अंगाला ही बी उगाळून लावत, कोणी तुरटी फिरवत. गाळ तळाशी बसे आणि वरचे पाणी काचेसारखे दिसू लागे. उपाय खोटा नव्हे, गाळाबरोबर पुष्कळशी घाणही खाली बसते. परंतु नितळ ते निर्मळ, ही समजूत त्यातून घट्ट झाली, आणि जे माणसाच्या माठाला लागू ते राघूच्या वाटीलाही लागू झाले. वाटीतले पाणी नितळ दिसते आहे ना, मग बदलायचे कशाला?

आता पाखरू पाणी कसे पिते हे थोडे पाहिले पाहिजे, कारण भांड्याची निवड त्यावर अवलंबून असते. चिमणी किंवा कॅनरी चोचीत घोट घेते आणि मान वर करून तो घशाखाली उतरवते. पोपट आपल्या जाड जिभेने पाणी उचलून घेतो. कबुतराची तऱ्हा न्यारी. ते चोच नाकपुड्यांपर्यंत पाण्यात बुडवते आणि मान वर न करता गाईगुरांसारखे ओढून पिते. म्हणजे कबुतराला चोच बुडेल एवढे खोल भांडे हवे. चिमुकल्या पाखराला ते धोक्याचे, कारण त्यात पडून ते बुडूही शकते. पोपट पाण्याशी खेळतो, कोरडा दाणा त्यात भिजवतो, वाटी उलटवतो. आणि एक गोष्ट सर्वांनाच लागू : वाटी दांडीच्या खाली टांगली की दांडीवर बसलेल्या पाखराची विष्ठा तीत पडते. उन्हाळ्याच्या दिवसांत अशा पाण्यात जंतूंची वाढ व्हायला काही तास पुरतात.

युरोपात हॉलंडमध्ये सतराव्या शतकात या पाण्याचा एक विलक्षण खेळ झाला. गोल्डफिंच म्हणून एक चिमुकले, लाल चेहऱ्याचे, पंखांवर पिवळा पट्टा असलेले पाखरू आहे. ते चोच आणि पाय हातांसारखे वापरून सांगितलेली कामे करते, हे रोमन लेखक प्लिनी यालाही पहिल्या शतकात ठाऊक होते. डच लोकांनी त्याला पाणी शेंदायला शिकवले. पाखराच्या पायात बारीक साखळी, बसायला एक दांडी, दांडीखाली पाण्याचे भांडे आणि दोरीला बांधलेली अंगुस्तानाएवढी बादली. तहान लागली की पाखरू चोचीने दोरी ओढी, ओढलेला पीळ पायाखाली दाबून धरी, पुन्हा ओढी, आणि अशा रीतीने बादली वर आणून घोटभर पाणी पिई. या कसबावरून डच भाषेत त्या पाखराचे नावच ‘पुटर’ म्हणजे ‘पाणी शेंदणारा’ असे पडले.

हे पाखरू एका चित्राने अजरामर केले. कारेल फाब्रीत्सियस या चित्रकाराने १६५४ साली ते रंगवले. चित्र फार लहान, उंचीला जेमतेम वीतभर-दीड वीत. फिकी भिंत, दाण्याची पेटी, कड्यात अडकवलेली साखळी आणि आपल्याकडे पाहणारे एकटे पाखरू. बादली या चित्रात नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला डेल्फ्ट गावातले दारूचे कोठार उडाले आणि त्यात हा चित्रकार ऐन उमेदीत मृत्यू पावला. चित्र आज हेग येथील मॉरिट्सहाउस संग्रहालयात आहे. ते पाहणाऱ्याला पाखराची केविलवाणी ऐट दिसते, परंतु त्याच्या नावामागची गोष्ट ठाऊक असली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. या खेळात पाणी स्वच्छ आहे की नाही हा प्रश्नच नव्हता. पाखराची तहान हीच घरच्यांची करमणूक होती, आणि ज्या दिवशी दोरी अडके त्या दिवशी पाखरू तहानेले राही.

त्याच शतकात दुसरीकडे एक शोध लागला होता. १६४३ साली इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगाने दाखवून दिले की हवेला वजन असते आणि त्या वजनाच्या जोरावर उलट्या नळीतला पारा खाली न सांडता उभा राहतो. हेच तत्त्व पाखरांच्या पाण्याला लागू पडले. काचेची बाटली पाण्याने भरून पन्हळीसारख्या उथळ तोंडावर उलटी बसवायची. तोंडातले पाणी पाखराने प्यायले की हवेचा बुडबुडा आत शिरतो आणि तेवढेच पाणी खाली उतरते. कॅनरी बेटांतून स्पॅनिश लोकांनी आणलेली गाणारी पाखरे एव्हाना युरोपभर पसरली होती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत त्यांच्या पिंजऱ्यांना काचेच्या अशा बाटल्या लटकू लागल्या. हा बदल मोठा होता. उघडे पाणी बोटभर उरले, बाकीचे झाकले गेले, घाण कमी झाली. शिवाय घरच्या बाईला दिवसातून दोनदा वाटी भरण्याची यातायात उरली नाही. सोय आणि स्वच्छता या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीत आल्या असे वाटले.

परंतु पाणी कशाने बिघडते हेच अजून कोणाला ठाऊक नव्हते. ते कळायला माणसांना मरावे लागले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि पटकी यांचा संबंध डॉक्टर जॉन स्नो याने दाखवला. त्या पंपाचे पाणी दिसायला वाईट नव्हते. १८८४ साली रॉबर्ट कॉख कलकत्त्यास आला आणि पटकीचे जंतू त्याला तेथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडले. १८९२ साली हांबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे गेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, आणि तेही हांबुर्गच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाचे. पण ते वाळूतून गाळून घेत असल्यामुळे बहुतांशी बचावले. नितळ आणि निर्मळ यांत फरक आहे, हे यापुढे कोणाला नाकारता येईना.

पाखरांच्या रोगांनी या ज्ञानात आपला वाटा घातला आहे. १८७९-८० च्या सुमारास लुई पाश्चर ज्या रोगावर काम करीत होता तो कोंबड्यांचा होता. रोगी कोंबडीच्या विष्ठेने दाणापाणी बिघडले की सारे खुराडे ओस पडे. त्या जंतूंना प्रयोगशाळेत मुद्दाम दुबळे करून त्याने लस तयार केली आणि पुढच्या अनेक लसींची वाट मोकळी झाली. पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८८४ साली चिनी मातीची बारीक छिद्रांची कांडी बनवली. तिच्यातून पाणी जाई, जंतू मागे राहत. आपल्याकडे घरोघरी ओट्यावर उभ्या असलेल्या ‘कँडल’च्या फिल्टरचा वंश येथवर पोचतो.

याच कांडीच्या काळात पोपटांचा एक रोग युरोपात डोके वर काढीत होता. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील उस्टर गावी डॉक्टर याकोब रिटर याने आपल्या भावाच्या घरातली साथ नोंदवली. सात जणांना विचित्र ज्वर आला, तिघे दगावले, आणि संशय घरातल्या परदेशी पाखरांवर गेला. १८९२ साली ब्वेनोस आयरेसहून पॅरिसला आणलेल्या पोपटांबरोबर हाच रोग आला. एदमाँ नोकार याने पोपटांच्या पंखांत एक जंतू शोधला आणि पुढे कित्येक वर्षे तोच गुन्हेगार मानला गेला. तो समज चुकीचा होता.

मग १९२९ चा नाताळ आला. अमेरिकेत त्या वर्षी पोपट भेट देण्याची हौस होती. सणाच्या आनंदात दुकानदारांनी दक्षिण अमेरिकेतून आलेली पाखरे दाटीवाटीने भरून ठेवली होती, एकाच पाण्यावर आणि एकाच दाण्यावर. मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस गावी अशी एक भेट घरात आली आणि पाठोपाठ घरातली माणसे अंथरुणाला खिळली. बातमी वृत्तपत्रांत गाजली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉक्टर चार्ल्स आर्मस्ट्राँग याच्याकडे तपास आला. तळघरात पोपट ठेवून काम सुरू झाले. त्याचा मदतनीस हेन्री अँडरसन फेब्रुवारी १९३० मध्ये मेला आणि आर्मस्ट्राँग स्वतः मरता मरता वाचला. ज्यांनी पाखरांना हातही लावला नव्हता असे त्या इमारतीतले लोकदेखील आजारी पडले. तेव्हा संचालक मॅकॉय याने तळघरात जाऊन सर्व प्राणी मारले आणि इमारत विषारी धुराने शुद्ध केली. राष्ट्राध्यक्ष हूव्हर याने जानेवारी १९३० मध्येच पोपटांच्या आयातीवर बंदी घातली होती. त्या हिवाळ्यात अमेरिकेत १६९ जणांना हा रोग झाल्याची नोंद झाली आणि त्यांतले ३३ मेले.

त्याच वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रोगाचे बीज नोकारच्या जंतूहून कितीतरी लहान असून ते सूक्ष्म गाळण्यांतूनही पार होते. ज्या गाळणीवर पाण्याच्या शुद्धतेसाठी जगाने भिस्त ठेवली होती, तीच येथे अपुरी ठरली. आज हे बीज म्हणजे एक अतिसूक्ष्म जीवाणू आहे हे ठाऊक आहे आणि त्यावर औषधही आहे. माणसाला हा रोग होतो तो मुख्यतः पाखराच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने. पाण्याच्या वाटीने तो सहसा माणसाकडे येत नाही. परंतु पाखराकडून पाखराकडे जाण्याच्या वाटांमध्ये विष्ठेने बिघडलेले दाणापाणी आहेच. म्हणून या घटनेपासून पिंजऱ्याची स्वच्छता हा केवळ पाखरावरच्या मायेचा विषय उरला नाही. घरातल्या मुलाबाळांच्या प्रकृतीशी तो जोडला गेला.

भांड्याच्या धातूचाही एक लहानसा इतिहास आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई केल्याशिवाय त्यात आंबट पदार्थ ठेवू नये हे आपल्या आजीला पक्के ठाऊक होते. पोपटाच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट, कारण पोपट भांडे नुसते वापरत नाही, ते चावतो. १८३७ साली फ्रान्समध्ये लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट निघाले. गंजत नाही म्हणून पिंजऱ्याच्या तारा आणि पाण्याची भांडी जस्ताची झाली. चोचीने खरवडलेला तो मुलामा पोटात जाऊन पाखरे विषबाधेने मरतात हे पुढे पशुवैद्यांच्या ध्यानात आले. शिशाचा डाग दिलेली जुनी भांडी आणि शिशाचे लुकण असलेली मातीची भांडी हीही तशीच घातक. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद तयार केले. आज पशुवैद्य पोपटासाठी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड चिनी मातीची वाटी सुचवतात त्याचे कारण हेच. तिला मुलामा नाही, ती चावता येत नाही आणि घासून उकळता येते.

मुंबईकरांच्या नळाला विहारचे पाणी आले १८६० साली, तुळशीचे १८७९ साली आणि तानशाचे १८९२ साली. विसाव्या शतकात त्यात क्लोरीन मिसळू लागले. अमेरिकेत जर्सी सिटी येथे ही पद्धत १९०८ पासून नेटाने चालू झाली होती. आता नळाच्या पाण्यातले क्लोरीन पाखराला बाधेल काय, अशी शंका अनेकांना येते. माणसाने पिण्याच्या पाण्यात असते तेवढ्या अल्प प्रमाणात ते पाखराला बाधत नाही. जे पाणी आपल्या मुलाला निःशंकपणे द्यावे तेच पाखराला द्यावे, हा साधा नियम पुरेसा आहे. शंका असली तर उकळून निववलेले द्यावे. विहिरीचे किंवा टाकीत साठलेले पाणी मात्र न उकळता देऊ नये. आणि पाखराचा देह किती लहान हे विसरू नये. कोळशाच्या खाणींत कॅनरी नेण्याची युक्ती जॉन स्कॉट हॉल्डेन याने सुचवली ती याचसाठी की विषारी वायूने माणसाच्या आधी पाखरू कोलमडते. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९८६ पर्यंत चालू होती. चाळीस ग्रॅमांच्या आतबाहेर वजनाचा बजरीगर दिवसाला चहाचा चमचाभरही पाणी पीत नाही. पण त्या थेंबांतली घाण त्याच्या देहाच्या मानाने फार मोठी ठरते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुक्कुटपालनाच्या मोठ्या धंद्यात आणखी एक साधन पसरले. नळीच्या टोकाला धातूची बारीक गोळी किंवा खिळी असते, चोचीने ढकलली की थेंब येतो. यात उघडे पाणी मुळीच नाही, विष्ठा पडायला जागा नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने वाटीपेक्षा हे सरस, यात शंका नाही. परंतु डच पाखराची दोरी येथे वेगळ्या रूपाने परत आली आहे. गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि पाखरू तहानेने तडफडते. म्हणून रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो की नाही हे पाहिले पाहिजे. पाखरू या नळीतून प्यायला शिकले अशी खात्री होईपर्यंत जुनी वाटी काढू नये. शिवाय नळीच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला बारीक ब्रशच लागतो.

मग निवडावे काय? इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. प्रत्येक नव्या साधनाने माणसाला पाण्याकडे थोडे अधिक वेळ न पाहण्याची सवलत दिली, आणि धोका नेमका त्या न पाहण्यातच होता. उघडी वाटी लवकर घाण होते, पण घाण दाखवते तरी. काचेची उलटी बाटली उशिरा घाण होते आणि थोडी लपवते. गोळीची नळी सर्वांत उशिरा बिघडते आणि सर्वांत जास्त लपवते. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ वाटी घासून पाणी बदलणारा हात आहे, तेथे दांडीपासून दूर टांगलेली स्टीलची वाटी उत्तम. पोपटाला तर ती अधिक भावते, कारण त्याला दाणा भिजवायचा असतो. ज्या घरातली माणसे दिवसभर कामाला जातात, तेथे नळीची बाटली बरी, पण तीही रोज धुऊन, आणि जोडीला एक वाटी ठेवून. औषध किंवा जीवनसत्त्वे पशुवैद्याने सांगितल्याखेरीज पाण्यात घालू नयेत. चव बदलली की पाखरू पाणी कमी पिते आणि औषधाचे माप चुकते, शिवाय गोड पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात.

आपल्याकडचा हिरवा राघू मात्र आता पिंजऱ्यात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. आज घरांत दिसतात ते बहुधा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर. जॉन गुल्ड याने १८४० साली ते प्रथम जिवंत इंग्लंडात आणले. कोरड्या माळरानाचे हे पाखरू तहान सोसण्यात मोठे चिवट. पण त्याचा चिवटपणा आपल्या आळसाच्या कामी येऊ नये. तेथे ते थव्याने मैलोगणती उडून ताजे पाणवठे शोधते. येथे तो पाणवठा आपल्या हाताने रोज भरायचा असतो.

उन्हाळ्यात गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचे परळ ठेवण्याची चाल आपल्याकडे वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. तेथेही हाच नियम आहे. २००५ पासून ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच जातीची पाखरे एका रोगाने मोठ्या संख्येने मेली. एकत्र दाणापाणी घेण्याच्या जागी तो पसरतो. आठ दिवसांचे शेवाळलेले परळ हे दान नव्हे. पाणी ओतून द्यावे, परळ घासावे, उन्हात वाळवावे आणि मग ताजे पाणी भरावे. हे काम घरातल्या लहान मुलाला सोपवायला हरकत नाही. मात्र नंतर हात साबणाने धुवायला सांगावे, आणि दोन-चार दिवसांनी आपणही परळात डोकावून पाहावे.